घटस्फोट, पैसे आणि पोरांचा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वकील नाही, हे आधीच सांगते. पुण्यात टॅक्स आणि हिशोबाचं काम करते, आणि गेली काही वर्षं शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात केस असलेली मंडळी मालमत्तेचं अॅफिडेव्हिट भरायला माझ्याकडे येतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकत्र लिहिलेत. बहुतेक उत्तरं हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांना धरून आहेत, बाकीच्यांचं मध्येमध्ये येईल. माझं म्हणणं एकच आहे, नवरा-बायकोचा हिशोब वेगळा आणि पोरांचा वेगळा, दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की पुढची दहा वर्षं भांडण संपत नाही.

मुलांसाठी महिन्याला किती मिळतं? काही फिक्स टक्केवारी आहे का?

नाही. आपल्याकडे अमेरिकेसारखा फॉर्म्युला नाही की उत्पन्न टाकलं आणि आकडा बाहेर आला. लोक "२५ टक्के" म्हणतात ते सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या एका निकालातून आलंय, तिथे नवऱ्याच्या नेट पगाराच्या २५ टक्के रक्कम बायकोच्या पोटगीसाठी योग्य धरली होती. तो अंदाज आहे, नियम नाही, आणि मुलांच्या खर्चाचा तर नाहीच. कोर्ट बघतं ते दोघांचं उत्पन्न, राहणीमान, मुलांच्या गरजा, कोणावर आणखी कोण अवलंबून आहे, हे सगळं.

म्हणून टक्केवारी शोधण्यात वेळ घालवू नका, खर्चाचा कागद बनवा. खाली सांगते कसा.

खर्चाचा कागद म्हणजे नक्की काय लिहायचं?

माझ्याकडे येणारे दहातले आठ जण "शाळा, खाणंपिणं, कपडे, इतर, एकूण २५ हजार" असं एका ओळीत लिहून आणतात. याला कोर्टात काही वजन नाही, समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो की हे २५ हजार आले कुठून.

असं करा. समजा तिसरीतली मुलगी आहे, पुण्यात आईबरोबर भाड्याच्या घरात राहते. शाळेची फी वर्षाला ९६ हजार, म्हणजे महिन्याला ८ हजार. स्कूल बस २ हजार. गणवेश, वह्या-पुस्तकं, बूट, दप्तर हे जूनमध्ये एकदम लागतं, वर्षाचे १२ हजार, म्हणजे महिन्याला १ हजार. पाळणाघर ५ हजार, कारण आई साडेसहाला घरी येते. खाणं, दूध, डबा ६ हजार. डॉक्टर, औषधं, चष्मा १ हजार. पोहण्याचा क्लास दीड हजार. कपडे, वाढदिवस, मैत्रिणींच्या वाढदिवसाची गिफ्टं दीड हजार. आणि घरभाड्यातला मुलीचा वाटा ४ हजार, हा सगळेच विसरतात, पण राहण्याचा खर्च हासुद्धा मुलाचाच खर्च आहे. बेरीज ३० हजार.

प्रत्येक ओळीला पावती लावा, फीची पावती, बसवाल्याचा यूपीआय, पाळणाघरवाल्या काकूंनी साध्या कागदावर सही करून दिलेलं चालतं. वर्षातून एकदाच येणारे खर्च बाराने भागून घ्या नाहीतर जूनमध्ये हमखास भांडण. आणि उगाच फुगवू नका हो. एकाने चार वर्षांच्या मुलाच्या कपड्यांचे महिना १० हजार लिहिले होते, असं एक खोटं सापडलं की खरे आकडेपण संशयात जातात.

मी पण कमावते. मग नवऱ्याने पोरांचे पैसे द्यायचे की नाही?

द्यायचे. पोरं दोघांची, जबाबदारी दोघांची. सुप्रीम कोर्टाने २००० सालीच एका केसमध्ये सांगितलंय की आईवडील दोघं कमावत असतील तर आपापल्या पगाराच्या प्रमाणात भार उचलायचा. आणि आई कमावते एवढ्यावरून बापाची सुटका होत नाही, हे २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा या निकालातही आहे. ती केस आपल्या नागपूरच्याच फॅमिली कोर्टातून वर गेलेली.

वरच्या उदाहरणात बाबांच्या हातात ९० हजार येतात आणि आईच्या ६० हजार, म्हणजे ३ ला २. मग ३० हजारातले १८ बाबांचे आणि १२ आईचे. मुलगी आईकडे राहते म्हणून आईचे १२ रोजच्या खर्चात जातात आणि बाबा १८ पाठवतात. माझ्याकडे जी जोडपी समजुतीने येतात त्यांना मी हेच गणित मांडून दाखवते, कोर्ट अगदी असंच करेल याची हमी नाही, पण बोलणी सुरू करायला याच्याइतकी साधी जागा नाही. कारण इथे कोण चांगलं कोण वाईट हा विषयच येत नाही.

उलटंही लागू आहे बरं का. पोरं बापाकडे असतील आणि आई चांगलं कमावत असेल तर तिनेही तिचा वाटा द्यायचा.

ते अॅसेट्स-लायबिलिटीजचं (मालमत्ता आणि देण्यांचं) अॅफिडेव्हिट खरंच भरावं लागतं का? माझा वकील म्हणाला नंतर बघू.

खरंच भरावं लागतं, दोघांनाही. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालानेच ते देशभर सक्तीचं केलं. पोटगीचा विषय आला की दोन्ही बाजूंनी उत्पन्न, खर्च, बँक खाती, एफडी, म्युच्युअल फंड, पीएफ, विमा, दागिने, गाडी, घर, कर्ज सगळं शपथेवर सांगायचं.

यात लोक काय लपवतात ते मला तोंडपाठ झालंय. गावाकडची जमीन, जी "वडिलांच्या नावावर आहे ना" म्हणून लिहीत नाहीत. पतसंस्थेतली ठेव. पिग्मी. भिशी. ऑफिसचा वर्षाचा बोनस, कारण पगाराच्या स्लिपमध्ये दर महिन्याला दिसत नाही. शेअरचं डीमॅट खातं. आणि बायकांच्या बाजूने हमखास राहतं ते माहेरच्यांनी नावावर केलेली एफडी आणि घरून चालणारे क्लासेस किंवा ऑर्डरी. लपवू नका. शपथेवर खोटं लिहिलं की तो वेगळा गुन्हा होतो, आणि फॉर्म १६, एआयएस (इन्कम टॅक्सच्या साइटवर दिसणारा तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचा तक्ता) आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवलं की अर्ध्या तासात फट दिसते, मी स्वतः दाखवलीय.

"नंतर बघू" म्हणणाऱ्या वकिलाला नम्रपणे विचारा की नंतर म्हणजे कधी. अॅफिडेव्हिट नाही म्हणून तारखेवर तारीख, हे अंतरिम पोटगी लांबण्याचं मोठं कारण आहे.

केस संपेपर्यंत पोरांनी काय करायचं? फी तर आत्ता भरायचीय.

त्यासाठीच अंतरिम पोटगी. हिंदू विवाह कायद्याचं कलम २४ जोडीदाराच्या आणि केसच्या खर्चासाठी, कलम २६ मुलांसाठी. कलम २४ आणि २६ च्या अर्जांवर नोटीस पोचल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निर्णय द्यावा असं कायद्यातच लिहिलंय. प्रत्यक्षात किती लागतात ते कोर्टाच्या पॅसेजमध्ये कोणालाही विचारा.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून लागू होते, ऑर्डर झाली त्या तारखेपासून नाही. म्हणजे अर्ज लवकर टाका. आणि बापांनो तुम्हालाही सांगते, ऑर्डरची वाट बघत हात बांधून बसलात तर दीड वर्षाची थकबाकी एका दिवशी अंगावर येते. परवडेल तेवढी रक्कम आजपासून बँकेतून पाठवायला लागा, ती नंतर वळती करून मागता येते, आणि जजसमोर तुमची बाजूही बरी दिसते.

घटस्फोटाची केसच नाहीये, नुसते वेगळे राहतोय. तरी मागता येतं?

येतं. आधी ज्याला सगळे "एकशे पंचवीस" म्हणायचे (फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम) ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. यात धर्माचा प्रश्न नाही, हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध सगळ्यांना. जुलै २०२४ मध्येच सुप्रीम कोर्टाने पुन्हा स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम महिलेलाही हा मार्ग खुला आहे. घरात मारहाण, छळ असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात पैसेही मिळतात आणि राहत्या घराचं संरक्षणही.

दोन-तीन ठिकाणी अर्ज करता येतात, पण तिप्पट पैसे मिळत नाहीत. एका ठिकाणी काय मिळालंय ते दुसऱ्या ठिकाणी सांगावं लागतं आणि ते वजा होतं.

वकिलाची फी परवडत नाही.

महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, किंवा १५१०० ला फोन लावा. शिवाय महाराष्ट्रात पोटगी, घटस्फोट वगैरे केसेसमध्ये महिलांना कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे. हे माहीत नसल्यामुळे कोर्ट फीच्या नावाखाली पैसे दिलेल्या बायका भेटतात तेव्हा काय बोलावं कळत नाही.

नवरा शेतकरी आहे, पगाराची स्लिप नाही. "पिकलंच नाही" म्हणतो.

शेतीत कागद नसतात हा गैरसमज आहे, उलट भरपूर असतात, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतात, त्यावर कुठलं पीक लावलं त्याची नोंद असते. ऊस असेल तर कारखान्याचं बिल बँकेत जमा होतं, टनेज सगळं लिहिलेलं असतं. दूध असेल तर डेअरीचं दर दहा दिवसांचं बिल. द्राक्ष, डाळिंब, कांदा बाजार समितीत गेला असेल तर आडत्याची पट्टी. पीक कर्ज किती मंजूर झालं त्यावरूनही क्षेत्र आणि पीक कळतं. हे तुमच्या हातात नसेल तर वकिलाकरवी कोर्टाला अर्ज करून मागवता येतं. दुकानदार, रिक्षावाले, कॉन्ट्रॅक्टर यांच्याबाबतीत जीएसटी रिटर्न, यूपीआयची उलाढाल, गाडीचा हप्ता. महिना १५ हजार कमावतो म्हणणारा माणूस २२ हजारांचा कारचा हप्ता भरत असेल तर वेगळं काही सांगायला लागत नाही.

नोकरीच सोडली त्याने, मुद्दाम.

जुनी युक्ती आहे, फार चालत नाही. धडधाकट माणसाने कष्ट करून बायको-पोरांना पोसायचंच असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्येही सांगितलंय, वेळ पडली तर अंगमेहनत करून. शिक्षण आणि आधीचा पगार बघून कोर्ट कमाईची क्षमता धरतं. आधीचा फॉर्म १६ किंवा ऑफर लेटरची कॉपी असेल तर जपून ठेवा. खरोखर नोकरी गेली असेल तर मात्र गप्प बसू नका, कपातीचं पत्र, शोधलेल्या नोकऱ्यांचे मेल जोडून रक्कम कमी करण्याचा अर्ज लगेच टाका. थकबाकी साचल्यावर सांगितलेली अडचण कोणी ऐकत नाही.

माझा होम लोनचा हप्ता ४० हजार, त्यातून पोटगी कुठून देऊ?

कर आणि सक्तीचा पीएफ अशा कपाती सोडून बाकीचं कोर्ट सहसा उत्पन्नातच धरतं. स्वतःच्या नावावर फ्लॅट उभा करण्यासाठी घेतलेल्या कर्जामुळे पोराचा खर्च कमी होत नाही. तो हप्ता त्याच घराचा असेल जिथे पोरं राहतायत, तर गोष्ट वेगळी, ते अॅफिडेव्हिटमध्ये ठळक मांडा.

फ्लॅट दोघांच्या नावावर, लोन दोघांच्या नावावर. आता?

सगळ्यात किचकट प्रश्न हा, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. बँकेला तुमच्या घटस्फोटाशी काही देणंघेणं नाही. डिक्रीत, म्हणजे कोर्टाच्या अंतिम हुकुमात, "यापुढे हप्ते नवरा भरेल" असं लिहिलं तरी बँकेच्या लेखी दोघंही कर्जदारच राहतात, त्याने तीन हप्ते बुडवले की सिबिल तुमचाही पडतो, आणि तुम्ही नवीन घरासाठी लोन मागायला गेलात की जुनं लोन तुमच्या नावावर उभं असतं.

म्हणून तीनच रस्ते. एक, विकून लोन फेडा आणि उरलेले वाटून घ्या. दोन, ज्याला घर ठेवायचंय त्याने स्वतःच्या एकट्याच्या नावावर लोन करून घ्यावं, बँक त्याची पात्रता नव्याने तपासते, आणि हे डिक्रीच्या आधी विचारून या कारण एकट्याच्या पगारावर लोन बसतच नाही असं अनेकदा निघतं. तीन, पोरं दहावी-बारावी होईपर्यंत घर तसंच ठेवायचं आणि त्यानंतर विकायचं, पण मग मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि दुरुस्ती कोण भरणार हे लिहून ठेवा.

आता वेळेचं. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोपैकी एकाने दुसऱ्याला किंवा मुलांना बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक आकार लागू शकतो तो रजिस्ट्रार ऑफिसला विचारा. ही सवलत नवरा-बायको असेपर्यंत. घटस्फोट झाला की तुम्ही कायद्याने परके, मग साधं शुल्क लाखात जातं. इन्कम टॅक्समध्येही जोडीदाराकडून आलेली भेट करमुक्त, घटस्फोटानंतर "नातेवाईक" या व्याख्येतच तो बसत नाही. त्यामुळे घर द्यायचं ठरलं असेल तर दस्त डिक्रीच्या आधी, आणि इंडेक्स टू (दस्त नोंदल्याचा उतारा) हातात आल्यावर सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर नाव लावायला विसरू नका.

आणि लोन चालू असेल तर आधी बँकेची एनओसी.

नवऱ्याच्या मालमत्तेत माझा अर्धा वाटा असतो ना?

महाराष्ट्रात नाही. ज्याच्या नावावर त्याचं, असा आपला कायदा. तुम्ही हप्ते भरल्याचा पुरावा असेल तर त्यावर दावा सांगता येतो, आणि मालमत्ता बघून पोटगीची रक्कम वाढते, पण आपोआप अर्धं असं काही नाही. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, तिथे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक धरतात आणि अर्धी-अर्धी होते. गोव्याच्या कायद्याखाली लग्न झालेल्यांनी तिथलाच वकील गाठा.

स्त्रीधन मात्र पूर्ण तुमचं. लग्नातले दागिने, माहेरून-सासरहून मिळालेल्या भेटी. लग्नाचे फोटो आणि सोनाराच्या पावत्या शोधा, लॉकर दोघांच्या नावावर असेल तर आजच जाऊन बघा.

एकरकमी घ्यावी की महिन्याला?

स्वतःची पोटगी एकरकमी घ्यायची असेल तर घ्या, त्याचे फायदे आहेत, दर महिन्याला तोंड बघावं लागत नाही. टॅक्सच्या बाजूनेही, एकरकमी रक्कम भांडवली धरली जाते आणि तिच्यावर कर नाही असा मुंबई हायकोर्टाचा जुना निकाल आहे, दरमहा येणारी बायकोची पोटगी मात्र तिचं उत्पन्न धरतात. देणाऱ्याला कशाचीच वजावट नाही.

पोरांचं मी एकरकमी घेऊ नका म्हणेन, किंवा घेतलं तरी वेगळं घ्या. कारण सहा वर्षांच्या मुलाचा बारावीनंतरचा खर्च आज कोणालाच सांगता येत नाही. द्यायचेच असतील तर मुलाच्या नावाने एफडी, सज्ञान होईपर्यंत मोडायची नाही, व्याज खर्चाला, असं लिहून घ्या. डिसेंबर २०२४ च्या एका गाजलेल्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बायकोला ५ कोटी आणि मुलाला वेगळे १ कोटी द्यायला लावले, मुलगा सज्ञान आणि इंजिनिअर झालेला असूनही. आकडे सोडा, तेवढे तुमच्या-माझ्याकडे नाहीत, पण दोन रकमा वेगळ्या लिहिल्यात ते बघा.

परस्पर संमतीने घेतोय, कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी ठरवून कोर्टात दिलेल्या लेखी अटींमध्ये) पोरांबद्दल काय काय लिहायचं?

"मुलांचा सर्व शैक्षणिक खर्च वडील करतील" हे वाक्य मी इतक्या टर्म्समध्ये पाहिलंय आणि त्यावरून इतकी भांडणं पाहिलीत की विचारू नका. सर्व म्हणजे काय? कोचिंग क्लास? डोनेशन? लॅपटॉप? दहावीनंतर कोटा-लातूर पाठवलं तर हॉस्टेल? हे सगळं नाव घेऊन लिहा.

रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात. दरवर्षी वाढ किती, १० टक्के लिहितात बरेच जण, कोणत्या महिन्यापासून तेही लिहा. शाळेची फी बाप थेट शाळेत भरणार का, भरत असेल तर ती दरमहाच्या रकमेच्या वर आहे की त्यातच. मोठं आजारपण आणि ऑपरेशन कोणाच्या पॉलिसीतून, उरलेलं कोण भरणार. शाळा बदलायची तर दोघांची संमती लागेल का. आणि किती वर्षांपर्यंत. कायद्याने मुलाचा हक्क साधारण १८ पर्यंत धरतात, हिंदू मुलीचा लग्न होईपर्यंत जर ती स्वतःचं भागवू शकत नसेल तर. पण १८ व्या वर्षी पोरगं जेमतेम बारावी झालेलं असतं, खरा खर्च तर तिथून सुरू होतो, म्हणून "पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत" असं स्पष्ट लिहून घ्या.

पैसे दोन टप्प्यांत घेणं नेहमीचं आहे, अर्धे पहिल्या मोशनला (दोघांनी मिळून अर्ज टाकताना), अर्धे दुसऱ्या मोशनच्या (शेवटच्या जबाबाच्या) दिवशी डीडीने. मधला सहा महिन्यांचा काळ २०१७ च्या निकालानंतर कोर्ट माफ करू शकतं, पण त्यासाठी पोरांचं आणि पैशांचं सगळं आधी खरोखर मिटलेलं लागतं.

"मला काही नको, फक्त सुटका हवी" असं लिहून दिलं. आता मुलासाठी मागता येईल?

येईल. तुमचा हक्क तुम्ही सोडलात, मुलाचा हक्क सोडायचा अधिकार तुम्हाला नव्हताच. परिस्थिती बदलली, महागाई वाढली, शाळा बदलली तर ठरलेली रक्कम वाढवूनही मागता येते.

ती मुलाला भेटू देत नाही, मग मी पैसे का देऊ?

राग समजतो. पण पैसे बंद करू नका. भेट हा वेगळा अर्ज, पोटगी वेगळी. पैसे थांबवलेत की तुम्ही थकबाकीदार होता आणि भेटीच्या अर्जात तेच तुमच्याविरुद्ध वाचलं जातं. भेट नाकारल्याच्या तारखा, मेसेज जपून ठेवा आणि कोर्टात मांडा. आणि तायांनो, उलट बाजूनेही तेच, पैसे आले नाहीत म्हणून पोराला बापापासून तोडायचं नाही.

पैसे थकवले. वसुली कशी?

कलम १४४ खाली ऑर्डर असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाका, वॉरंट निघतं, आणि तरी दिले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. फॅमिली कोर्टाची डिक्री असेल तर दरखास्त (डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून पगारावर टाच आणता येते, आणि पोटगीच्या डिक्रीत पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो. ऑफिसच पगारातून कापून पाठवतं मग. पीएफवर मात्र टाच येत नाही.

एक वर्षाची ती मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. "देईल देईल" करत तीन वर्षं थांबलेल्या बायका येतात आणि त्यातली जुनी रक्कम त्या रस्त्याने मिळत नाही.

कॅश देतो म्हणतो.

नको. यूपीआय किंवा एनईएफटी, रिमार्कमध्ये "मुलांचा खर्च, जून". देणाऱ्याच्याच फायद्याचं आहे हे, कॅशचा पुरावा तुम्ही कुठून आणणार? मुलाला दिलेली सायकल, मोबाईल, पिझ्झा हे पोटगीत वजा होत नाही, ते तुमच्या प्रेमाचं.

सुकन्या, पीपीएफ, विमा, नॉमिनेशन यांचं काय करायचं?

सुकन्या आणि मुलांचं पीपीएफ मुलांचंच आहे, वाटणीत ओढू नका, फक्त यापुढे कोण भरणार ते ठरवा. वर्षाला किमान २५० तरी भरावे लागतात नाहीतर सुकन्या खातं थकीत होतं. मुलांच्या नावावरच्या व्याजाचं उत्पन्न, आईवडिलांचं लग्न टिकून नसेल तर, जो मुलाला सांभाळतो त्याच्या उत्पन्नात मिळवतात. शाळेच्या ट्यूशन फीची इन्कम टॅक्समधली सूट जो प्रत्यक्ष भरतो त्याला, तीही जुन्या टॅक्स पद्धतीतच.

विमा महत्त्वाचा. पैसे देणाराच उद्या गेला तर? म्हणून टर्म्समध्ये बापाची टर्म पॉलिसी लिहून घ्या, १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली मुलांना लाभार्थी करून काढली तर सावकार, बँका किंवा नातेवाईक त्या पैशाला हात लावू शकत नाहीत. पॉलिसी चालू असल्याची दरवर्षीची पावती दाखवायची अटही टाका. नुसत्या साध्या नॉमिनेशनवर विसंबू नका, ते कधीही बदलता येतं.

मेडिक्लेम फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी) असेल तर डिक्रीनंतर जोडीदार बाहेर पडतो. रिन्यूअलच्या दीड-दोन महिने आधी स्वतःची वेगळी पॉलिसी पोर्ट करायचं बघा, म्हणजे जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड परत पहिल्यापासून मोजावा लागत नाही. मुलं ज्याच्या ऑफिसच्या पॉलिसीत चांगली बसतात तिथेच राहू द्या.

नवरा परदेशात आहे, इथली ऑर्डर तिथे चालते?

देशावर अवलंबून. ब्रिटन आणि यूएई यांच्याशी भारताची डिक्री अंमलबजावणीची परस्पर व्यवस्था आहे, अमेरिकेशी तशी नाही. पण अमेरिकेत असेल तर तिथल्या राज्याच्या चाइल्ड सपोर्ट ऑफिसात थेट अर्ज करायचा विचार करा, तिथे हा विषय फार कडक आहे, थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की अमेरिकन पासपोर्टसुद्धा अडतो. एच-वन व्हिसावर नोकरीला गेलेल्याचा पासपोर्ट भारतीय असतो, तिथे हे लागू नाही, पण पगारातून कपात होतेच.

दुसरं लग्न केलं तर?

बायकोने केलं तर तिची पोटगी बंद होऊ शकते, पोरांची नाही. बापाने केलं तर नवीन संसाराचा खर्च कोर्ट विचारात घेईल, पण आधीच्या पोरांचा खर्च त्यामुळे संपत नाही.

आज, या आठवड्यात, काय करू?

तीन वर्षांची बँक स्टेटमेंटं, फॉर्म १६, आयटीआर, सिबिल रिपोर्ट, घराचे कागद, पॉलिसी, सगळं स्कॅन करून स्वतःच्या वेगळ्या मेलवर पाठवा, आणि त्या मेलचा पासवर्ड घरात कोणाला माहीत नसावा. जॉइंट खात्यातून सगळे पैसे उचलू नका, कोर्टात फार वाईट दिसतं, पण आपला पगार आपल्या एकटीच्या खात्यात वळवा. क्रेडिट कार्डावर जोडीदाराचं अॅड-ऑन असेल तर बंद करा. फीच्या पावत्या शाळेच्या ऑफिसातून डुप्लिकेट मिळतात, फक्त लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि शाळेच्या रेकॉर्डला तुमचाही फोन नंबर आणि मेल आहे ना ते त्याच फेरीत बघून घ्या.